नावडतीच्या मिठाची चव

१९७२च्या ‘अमर प्रेम’मध्ये राजेश खन्ना पुष्पा झालेल्या शर्मिला टागोरला अश्रूंबद्दल काय सांगतो, हे ठाऊक नसलेला माणूस आपल्याकडे विरळाच. सिनेमा हिंदी, मूळ कथा बंगाली आणि सगळ्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य मात्र इंग्रजी. त्यातलं क्रियापद ‘हेट’. नकलाकारांनी मान तिरकी करून, डोळे मिचकावून ते पन्नास वर्षं इतकं घासलं आहे की आता त्याकडे भाषेच्या अंगाने बघायचं कोणाला सुचत नाही. मला ते सुचलं एका शिकवणीच्या वर्गात. मुलं समानार्थी शब्दांची यादी पाठ करत होती आणि मी सहज म्हणालो, ‘हेट’ काढा आणि यादीतले बाकीचे शब्द एकेक करून तिथे बसवून बघा.

मुलं आधी हसली, मग गप्प झाली. ‘लोद’ बसवलं तर या माणसाला बाईचे अश्रू बघून मळमळतं असा अर्थ होतो. ‘डिस्पाइज’ बसवलं तर तो रडणाऱ्या माणसांना क्षुद्र समजतो. ‘ॲभॉर’ म्हटलं की तो अश्रूनिर्मूलन समितीच्या सभेत भाषणाला उभा राहिलेला दिसतो. ‘रिझेंट’ घातलं तर आणखीच पंचाईत: ‘तू रडतेस म्हणजे माझ्यावर अन्याय करतेस’ अशी कुरकुर. पुष्पाने अशा माणसाकडे पुन्हा ढुंकून पाहिलं नसतं.

आमच्या शाळेच्या गाइडात मात्र या सगळ्यांपुढे दोनच अर्थ छापलेले असत, ‘द्वेष करणे’ आणि ‘तिरस्कार करणे’. फार तर कुठे त्यांचा क्रम बदललेला. पाचसहा शब्दांना दोन अर्थ वाटून दिले की गाइडवाल्याचं काम संपलं. पण ज्या भाषेने एवढे शब्द जपून ठेवले तिला काहीतरी वेगवेगळं म्हणायचं असणार. मला असं दिसतं की यातल्या प्रत्येक शब्दात माणसाची एक शारीरिक ठेवण दडलेली आहे. कोणी मागे सरकतो, कोणी वरून खाली बघतो, कोणी देवाला साक्षीला बोलावतो, कोणाच्या पोटात ढवळतं.

यातले ‘हेट’ आणि ‘लोद’ हे दोनच शब्द इंग्रजीच्या घरचे, जर्मन कुळातले. बाकीचे लॅटिनमधले, बहुतेक फ्रेंचच्या वाटेने आलेले. ‘हेट’ घरचा असल्यामुळे कुठेही चालतो. सोमवारही हेट करता येतो, वांगंही आणि हिटलरही. कुठेही चालणाऱ्या शब्दाचं जे होतं ते त्याचं झालं, तो झिजला. ‘आय हेट टू से’ अशी सुरुवात करणाऱ्या माणसाच्या मनात द्वेषाचा मागमूस नसतो. ‘सांगायला बरं वाटत नाही, पण’ एवढंच त्याला म्हणायचं असतं. कुठेही चालण्याची आणखी एक खूण व्याकरणात दिसते. ‘हेट’पुढे ‘टू’ लावलेलं क्रियापदही चालतं आणि ‘आयएनजी’वालंही. ‘डिटेस्ट’ आणि ‘लोद’ यांना ‘आयएनजी’च लागतं. स्पर्धा परीक्षांचे पेपर काढणाऱ्यांची ही लाडकी जागा. ‘आय ॲम हेटिंग’ हे आपलं मराठी वळणाचं इंग्रजीही त्यांना भारी आवडतं, कारण अशी मनोवस्थेची क्रियापदं चालू काळात वापरायची नसतात. हा नियम मॅकडोनाल्ड्सने २००३ साली ‘लव्ह’चं ‘लव्हिंग’ करून जगभरच्या फलकांवर मोडला. त्याचे मार्क कोणी कापले नाहीत.

शब्द असे झिजण्याचं याहून जुनं उदाहरण आहे ‘ॲनॉय’. लॅटिनमध्ये द्वेषाला ‘ओडियम’ म्हणत. एखादी गोष्ट ‘इन ओडिओ’ आहे म्हणजे ती मला द्वेष्य आहे. त्यावरून फ्रेंचमध्ये एक क्रियापद तयार झालं, आणि त्याचं इंग्रजीत आलेलं रूप म्हणजे ‘ॲनॉय’. आज त्याचा अर्थ काय उरला? वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली की होते तेवढी चिडचिड. त्याच मुळापासून फ्रेंचमध्ये ‘आन्वी’ हा कंटाळ्याचा शब्द झाला. द्वेषाची चिडचिड झाली आणि कंटाळाही झाला. म्हणून ‘हेट’ सोमवारावर येऊन ठेपला याचं फार नवल वाटायला नको.

तरीही नामरूपात ‘हेट’चं बळ टिकून आहे. ‘हेट्रेड’ या शब्दातला शेवटचा ‘रेड’ म्हणजे स्थिती, अवस्था. नातेवाइकांना ‘किंड्रेड’ म्हणतात त्यातही तोच प्रत्यय आहे. सोमवारचा कोणी ‘हेट्रेड’ करत नाही. क्रियापद स्वस्त झालं, नाम महाग राहिलं. आणि या महाग नामाची सगळ्यांत चांगली फोड करणारा माणूस इंग्रज नव्हताच. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात राग आणि द्वेष वेगळे काढून ठेवले आहेत. राग एका माणसाचा येतो. द्वेष आख्ख्या जातीच्या माणसांचा करता येतो. चोर कोणालाच आवडत नाही, तो कुठला चोर आहे हे बघावं लागत नाही. रागाला काळ हे औषध आहे, द्वेषाला नाही. रागावलेल्या माणसाला वाटतं, समोरच्याला आपल्या वेदनेचा चटका बसावा. द्वेष करणाऱ्याला वाटतं, तो नसावाच. शिवाय रागाला कारण लागतं, द्वेषाचं त्याविनाही भागतं. हे शेवटचं कलम आपल्याकडच्या बायकांनी ॲरिस्टॉटल न वाचता एका म्हणीत बसवलं: नावडतीचं मीठ अळणी. मीठ कसलंही असो, ते अळणीच लागणार.

आता इथे थांबून जरा आपल्याकडे बघू. मराठी माणूस ‘मी त्याचा द्वेष करतो’ असं कधी म्हणतो? कीर्तनात, कोर्टात आणि भाषांतरित कादंबरीत. घरात तो म्हणतो, ‘तो मला आवडत नाही’, ‘त्याचा मला राग येतो’, ‘त्याला बघवत नाही’, ‘तो मला खपत नाही’, आणि हल्लीचं ‘तो माझ्या डोक्यात जातो’. या वाक्यांचा कर्ता कोण आहे ते बघा. ‘मला कारलं आवडत नाही’ म्हणताना क्रियापद कारल्याच्या मागे जातं. कारली अनेक असतील तर ‘आवडत नाहीत’. मी बापडा ‘मला’ म्हणून बाजूला उभा. राग येतो, किळस येते, वीट येतो, शिसारी येते, तिडीक येते, उबग येतो, तिटकारा वाटतो. हे सगळं माझ्याकडे पाहुण्यासारखं येतं, मी आमंत्रण दिलेलं नसतं. उलट द्वेष, तिरस्कार, अवहेलना मात्र ‘करावी’ लागते. ती माझी कृती, तिचा जाब मला विचारता येतो. येणारी नावड आणि करायची नावड अशी ही फाळणी मराठी माणूस न शिकवता पाळतो.

इंग्रजीतही ही रचना होती. जुन्या इंग्रजीत ‘लाइक’ हे क्रियापद आपल्या ‘आवडणे’सारखंच चालायचं: वस्तू कर्ता, माणूस ‘मला’. पुढे इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय गळून पडले. कर्ता कोण हे ओळखायला शब्दांच्या जागेशिवाय दुसरी खूण उरली नाही. वाक्यात पहिल्या जागी बसलेला माणूस मग आपोआप कर्ता झाला. शेक्सपियरच्या नाटकांत जुनी रचना अधूनमधून सापडते, नंतर ती मेली. ‘लोद’चंही तसंच. त्याचं जुनं रूप ‘नकोसं असणे’ असं होतं आणि ते ‘मला’ मागायचं. त्याच्या सोयऱ्यांपैकी एक जर्मनमध्ये अजून ‘मला’ घेऊन हिंडतो. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या कोणालाही विचारा, सॉरी म्हणायला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते ‘एस टुट मिर लाइड’. त्यातलं ‘मिर’ म्हणजे ‘मला’ आणि ‘लाइड’ हा ‘लोद’चा सख्खा भाऊ. फ्रेंचमध्ये याच घरातून गेलेला शब्द ‘ले’, अर्थ कुरूप.

इंग्रजीत मात्र दोन जुळी आहेत आणि त्यांनी फार जणांना फसवलं आहे. शेवटी ‘ई’ असलेलं ‘लोद’ हे क्रियापद. ‘ई’ नसलेलं ‘लोथ’ हे विशेषण. दुसऱ्यात किळसबिळस काही नाही. ‘आय ॲम लोथ टू गो’ म्हणजे जायला जिवावर येतं. अगदी तेच, ‘मला’सकट. कोणा कोशकाराने हा अर्थ दिलेला मी पाहिला नाही, पण याहून चपखल मराठी मला तरी सापडलेलं नाही.

पहिलं ‘लोद’ जिभेत आणि पोटात राहतं. डार्विनने १८७२च्या भावनांवरच्या पुस्तकात दक्षिण अमेरिकेच्या टोकावरचा, टिएरा देल फ्वेगोमधला एक प्रसंग दिला आहे. डार्विन थंड, डबाबंद मांस खात होता. तिथल्या एका स्थानिक माणसाने त्या मांसाला बोट लावून बघितलं आणि त्याच्या मऊपणाची त्याला किळस आली. इकडे एका उघड्या ‘रानटी’ माणसाने आपल्या खाण्याला बोट लावलं म्हणून डार्विनला किळस आली, आणि तो प्रांजळपणे लिहितो की त्याचे हात काही मळलेले दिसत नव्हते. एकाच मांसाच्या तुकड्यावर दोन किळशी भेटल्या आणि दोघांची कारणं वेगळी. १९८०च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिनने याचाच प्रयोग केला. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ ज्यूसच्या ग्लासात बुडवून काढलं आणि लोकांना प्यायला सांगितलं. झुरळ पूर्ण निर्धोक आहे हे पटूनही लोकांना तो ज्यूस नको होता. किळशीला जंतूंचं कारण पुरत नाही आणि लागतही नाही. तिला स्पर्श पुरतो.

हे वाचताना मराठी वाचकाच्या डोक्यात एक शब्द येतोच: विटाळ. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी पंचगव्य ओतून ते तळं ‘शुद्ध’ केलं. ज्या तळ्यावर गुरं पाणी प्यायची त्या तळ्याला माणसाच्या ओंजळीचा विटाळ झाला. याला नुसता द्वेष म्हणणं म्हणजे फारच सौम्य भाषा झाली. द्वेष बरोबरीच्या शत्रूचाही करता येतो. इथे ‘लोद’ आणि ‘डिस्पाइज’ एकत्र आले होते, पोटातली किळस आणि नजरेतली तुच्छता. हे मिश्रण किती काळ टिकतं हे आपल्याला इंग्रजी कोश उघडून शोधायला नको.

आपल्या शास्त्रकारांनी किळशीला स्वतंत्र खुर्ची दिली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात रौद्राचा स्थायिभाव क्रोध, तर बीभत्साचा जुगुप्सा. ‘जुगुप्सा’ शब्दाची घडण मजेशीर आहे. ‘गुप्’ म्हणजे राखणे, लपवणे. त्याचं इच्छार्थक रूप ते जुगुप्सा. स्वतःला राखून घ्यायची, झाकून घ्यायची इच्छा. सांडलेल्या घाणीवरून जाताना लुगड्याचा ओचा वर धरणारी बाई हे त्या शब्दाचं चित्र.

‘ॲभॉर’ त्याच जातीचा, पण पोटातला नाही, कातडीवरचा. ‘हॉरेरे’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ केस ताठ उभे राहणे. त्याला ‘ॲब’ म्हणजे ‘पासून दूर’ लागला की होतं ‘अंगावर काटा येऊन मागे सरकणे’. ‘हॉरर’ हा शब्दही तिथलाच. भाषाशास्त्रज्ञ या ‘हॉरेरे’ची सांगड संस्कृतच्या ‘हृष्’ धातूशी घालतात, म्हणजे आपल्या ‘हर्षा’शी! एकाच मुळापासून तिकडे भीती निघाली, इकडे आनंद. गोंधळल्यासारखं वाटतं, पण केस उभे राहायला दोन्ही कारणं चालतात. गीतेच्या पहिल्या अध्यायात हातपाय गळालेल्या अर्जुनाच्या अंगावर काटा येतो त्याला शब्द आहे ‘रोमहर्ष’. आणि अठराव्याच्या अखेरीस संजयाला तो सगळा संवाद ‘रोमहर्षण’ वाटतो, तेव्हा त्याच्या मनात भीती नसते. आपले क्रीडावार्ताहर शेवटच्या षटकापर्यंत रंगलेल्या सामन्याला रोमहर्षक म्हणतात ते संजयाच्या परंपरेतलं.

इंग्रजीत मात्र ‘ॲभॉर’ गंभीरच राहिला. १६११च्या इंग्रजी बायबलने त्याला धर्माचं वजन दिलं आणि ते अजून उतरलेलं नाही. हिंसा, क्रौर्य, वंशद्वेष यांना ‘ॲभॉर’ करतात. भेंडीच्या भाजीला केलं तर तो विनोद होतो. या शब्दाचं सगळ्यांत गाजलेलं वाक्य माणसाबद्दलचं नाहीच. निसर्ग पोकळीला ‘ॲभॉर’ करतो, असं युरोपातले पंडित शतकानुशतकं म्हणत आले. पंपाने पाणी वर का चढतं? तर निसर्गाला पोकळी सहन होत नाही म्हणून. मग गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात नोंदवलं की ओढून घेणारा पंप अठरा हातांच्या, म्हणजे साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढवू शकत नाही. त्याचा शिष्य तोरिचेल्ली याच्या नळीत पारा तर सुमारे ७६ सेंटीमीटरवरच थांबला. आणि १९ सप्टेंबर १६४८ला पास्कालचा मेहुणा तीच नळी घेऊन प्वी द दोम हा डोंगर चढला, तेव्हा माथ्यावर पारा आणखी खाली उतरला. निसर्गाचा तिटकारा पायथ्याशी जास्त आणि माथ्यावर कमी असं कसं होईल? हा सगळा हवेच्या वजनाचा खेळ होता. निसर्गाला काहीच ‘ॲभॉर’ होत नव्हतं.

‘डिटेस्ट’ची कथा लहान आहे. ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. ‘टेस्टिफाय’, ‘प्रोटेस्ट’, मृत्युपत्रातलं ‘टेस्टामेंट’ ही सगळी त्याची भावंडं. ‘डिटेस्टारी’ म्हणजे देवाला साक्षी ठेवून शाप देणे. इंग्रजीत आल्यावर सुरुवातीला त्याचा अर्थ शाप देणे, जाहीर धिक्कार करणे असाच होता. आपल्या दारात उभं राहून, पदर खोचून, कडाकडा बोटं मोडणाऱ्या बाईला मी ‘डिटेस्ट’चा पुतळा म्हणेन. आज मात्र या शब्दातली बोटं मोडायची थांबली आहेत. तो आता ठाम, थंड आणि थोडा शिष्ट नकार आहे. ज्याचं कपाट नीट लावलेलं असतं असा माणूस ‘डिटेस्ट’ म्हणतो. ‘ॲबॉमिनेट’ याच गल्लीत राहतो आणि क्वचितच बाहेर पडतो. त्यात ‘ओमेन’ म्हणजे शकुन आहे. अपशकुन समजून टाळणे. ‘इडापिडा टळो’ किंवा संस्कृत नाटकांतलं ‘शांतं पापम्’ हे त्याचं आपल्याकडचं रूप. त्याच्या विशेषणात मध्ययुगातल्या लेखनिकांनी उगाच एक ‘एच’ घुसवला होता, कारण त्यांना वाटलं हा शब्द ‘ॲब होमिने’, माणसापासून दूर, म्हणजे अमानुष असा असणार. व्युत्पत्ती चुकीची, पण शेक्सपियरच्या काळापर्यंत ती इतकी रुजली होती की त्याने एका नाटकात या ‘एच’साठी हट्ट धरणारा पंतोजीच उभा केला.

आता ‘डिस्पाइज’. माझ्या मते या सगळ्यांत धोकादायक हाच. ‘डी’ म्हणजे खाली, ‘स्पेसेरे’ म्हणजे बघणे. त्या ‘स्पेसेरे’चं नातं संस्कृतच्या ‘पश्यति’शी लावतात. हेराला संस्कृतात ‘स्पश’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘स्पाय’, हे दोघेही त्याच कुटुंबातले. तर ‘डिस्पाइज’ करण्यासाठी आधी उंचावर उभं राहावं लागतं. म्हणून भीती आणि ‘डिस्पाइज’ एका जागी नांदत नाहीत. ज्याचं भय वाटतं त्याचा द्वेष करता येईल, त्याला तुच्छ लेखता येत नाही. डेव्हिड ह्यूमने १७३९च्या आपल्या ग्रंथात तुच्छतेची पाककृतीच दिली आहे: द्वेष घ्या आणि त्यात अभिमान मिसळा. उलट आदर म्हणजे प्रेमात नम्रता मिसळलेली. नवराबायकोच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन या निष्कर्षाला आले की संसार मोडायची सगळ्यांत मोठी खूण म्हणजे तुच्छता. भांड्यांची आदळआपट तिच्यापुढे काहीच नाही. ओठाचा एक कोपरा वर जाणं, बुबुळं फिरवणं, ‘तुला काय कळतंय’ असं हळू आवाजात म्हणणं. आपल्याकडे याला नाक मुरडणं म्हणतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे कस्पटासमान लेखणं. मुलांना मिनियन्समुळे ‘डेस्पिकेबल’ हा शब्द आता ठाऊक झाला आहे, पण त्यातला ‘वरून बघण्या’चा भाग त्या पिवळ्या मंडळींमुळे कोणाच्या लक्षात येईल असं वाटत नाही.

गाइडातला ‘तिरस्कार’ इथे बसतो का? बसतो आणि नाहीही. ‘तिरस्’ म्हणजे आड. संस्कृतात पडद्याला ‘तिरस्करिणी’ म्हणतात. तिरस्कार करणे म्हणजे मुळात आड करणे, दृष्टीबाहेर टाकणे. इंग्रज माणूस ज्याला क्षुद्र समजतो त्याच्याकडे निदान वरून का होईना बघतो. आपण मध्ये पडदा ओढतो. ‘त्याचं तोंड बघायचं नाही मला’ हे म्हणजे अस्सल तिरस्कार. अर्थ जवळ आले तरी त्यांचे डोळे वेगळ्या दिशेला आहेत.

या ओळीत ‘घृणा’लाही बोलवायला हवं, कारण तिची गोष्ट सगळ्यांत विचित्र. संस्कृतात घृणा म्हणजे दया, कणवही आणि किळसही. आज मराठीत पहिला अर्थ पार विसरला गेला, पण तो एका शब्दात अडकून राहिला आहे. वर्तमानपत्रात जवळजवळ रोज छापून येणारी ‘निर्घृण हत्या’ म्हणजे काय? घृणा नसलेली हत्या. तिथे घृणा म्हणजे दया. ‘राग’ही असाच उलटला: संस्कृतातली आसक्ती मराठीत संताप झाली.

‘रिझेंट’ पुष्पाच्या वाक्यात सगळ्यांत वाईट बसला होता, त्याचं कारण सांगून टाकतो. फ्रेंच ‘सांतीर’ म्हणजे जाणवणे. ‘रिझेंट’ म्हणजे पुन्हा जाणवणे. सतराव्या शतकात इंग्रजीत उपकारही ‘रिझेंट’ करता येत, म्हणजे त्यांची जाणीव ठेवता येई. पुढे चांगली जाणीव गळाली आणि फक्त दुखावल्याची उरली. आपलं ‘सलणं’ हेच. काटा आत आहे आणि दाबलं की पुन्हा दुखतो. त्याचा टोकाचा प्रकार म्हणजे डूख धरणं, नागासारखं. म्हणूनच ‘रिझेंट’ परक्याचा फारसा करत नाहीत. तो भावाचा, साहेबाचा, बढती मिळालेल्या मित्राचा करतात.

हे सगळे फरक शिकवणीच्या वर्गात रंजक वाटतात. मुंबई उच्च न्यायालयात १८९७ साली मात्र त्यांवर एका माणसाचे अठरा महिने ठरले. १५ जूनच्या ‘केसरी’तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला होता. १८७०मध्ये दंडसंहितेत आलेल्या १२४-अ कलमात तेव्हा एकच कळीचा शब्द होता, ‘डिसअफेक्शन’. कायद्याच्या हिंदी भाषेतल्या पाठात पुढे त्याचा अनुवाद ‘अप्रीति’ झाला. अप्रीती म्हणजे नेमकं काय? टिळकांच्या बाजूचं म्हणणं असं की सरकारच्या कारभाराची नापसंती वेगळी आणि सरकार उलथवायची चिथावणी वेगळी. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला जे समजावलं ते भाषेच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये. ‘डिसअफेक्शन’ म्हणजे सरळसरळ प्रीतीचा अभाव, असं ते म्हणाले, आणि मग त्यांनी यादी वाचली: द्वेष, वैर, नावड, शत्रुत्व, तुच्छता आणि सर्व प्रकारची दुष्ट भावना. ‘हेट्रेड’पासून ‘डिसलाइक’पर्यंत सगळे एकाच पोत्यात. नऊपैकी सहा ज्यूरर, सहाही युरोपीय, दोषी म्हणाले. तिघे हिंदी सदस्य निर्दोष म्हणाले.

मराठीत हे वाक्य मांडून बघितलं की त्यातली गंमत आणि भीती दोन्ही कळते. ‘मला सरकार आवडत नाही’ या वाक्यात मी कर्ता नाही. मी काही केलेलं नाही. प्रेम आलं नाही, एवढाच माझा गुन्हा. पुढच्याच वर्षी, १८९८मध्ये, कलमात ‘हेट्रेड’ आणि ‘कंटेम्प्ट’ हे दोन शब्द वेगळे घालण्यात आले, म्हणजे द्वेष आणि तुच्छता. स्ट्रेचींच्या पोत्यातले दोन जिन्नस आता कायद्याच्या मांडणीवर स्वतंत्र बसले. १९०८च्या दुसऱ्या खटल्यात टिळक स्वतःच स्वतःचे वकील होते आणि त्यांनी पहिला मोर्चा वळवला तो उच्च न्यायालयाच्या भाषांतरकाराकडे. ‘केसरी’तल्या मराठी शब्दांना इंग्रजीत जो कडवटपणा चढवला आहे तो मुळात नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी त्याची उलटतपासणी घेतली. एकवीस तासांहून अधिक चाललेल्या त्यांच्या भाषणातही हा धागा सुटला नाही. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी ते मानलं नाही आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. ती मंडालेत भोगावी लागली. १९२२ला अहमदाबादेत गांधीजींवर तेच कलम लागलं, तेव्हा त्यांनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांना बजावलं की प्रीती काही कायद्याने घडवता येत नाही.

मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम स्थगित ठेवलं आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १५२व्या कलमात विभाजन, सशस्त्र बंड, देशाची एकात्मता हे शब्द आहेत. त्यांचा अर्थ लावताना काय होईल हे पुढचे खटले सांगतील. ‘हेट्रेड’ तिथे नाही, ‘कंटेम्प्ट’ नाही, ‘डिसअफेक्शन’ही नाही. ‘हेट्रेड’ १९६व्या कलमात आहे, पण तिथे तो समाजासमाजांमधला. जुन्या कलमाच्या स्पष्टीकरणातला एक सौम्य शब्द मात्र १५२च्या खाली तसाच राहिला आहे. सरकारच्या निर्णयांबद्दल कायदेशीर मार्गाने ‘डिसॲप्रोबेशन’ व्यक्त करायला हरकत नाही, असं तिथे लिहिलं आहे. माझ्या शाळेच्या गाइडात हा शब्द नव्हता. त्याचा अर्थ नापसंती.